ओ आणि यू, शेजारी शेजारी

आमच्या मंगळवारच्या स्क्रॅबल क्लबात खोटा शब्द लावणं हे पाप नाही. डिक्शनरीत नसलेला शब्द पटावर ठेवायचा, चेहरा पाद्र्यासारखा करायचा आणि घड्याळाचं बटण दाबायचं. समोरच्याने हरकत घेतली नाही तर शब्द बसला तो बसला. मग सगळं गाव ओरडलं तरी उठत नाही. हरकत घेतली आणि शब्द खोटा निघाला, तर लावणाऱ्याने अक्षरांच्या सोंगट्या उचलायच्या, त्याची खेळी गेली. खरा निघाला तर हरकत घेणाऱ्याची खेळी गेली. म्हणजे शंका घेणंसुद्धा फुकट नाही. मला ही व्यवस्था फार पसंत आहे. यॉर्कटनच्या क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे पतपेढीत, मी कर्जाच्या टेबलामागे आयुष्य काढलं. तिथेही समोरच्याच्या चेहऱ्यावर किती विश्वास टाकायचा एवढाच प्रश्न असायचा, बाकीचे कागद नंतर.

त्या सवयीने क्लबातल्या प्रत्येकाचं खातं माझ्या डोक्यात असतं. डॉट मॅकीला आपले कुठले शब्द खरे नि कुठले खोटे हे स्वतःलाच ठाऊक नसतं, त्यामुळे तिच्यावर हरकत घ्यायची की नाही हा निव्वळ नशिबाचा भाग. वेंडेल हार्टली आयुष्यभर ट्रॅक्टर विकत होता. त्याचा दर तिसरा शब्द जुन्या ट्रॅक्टरसारखा असतो, रंग नवा आणि आत काही नाही. पण तो लावतो अशा थाटात की माणसं गप्प बसतात. आणि नेटी प्रोकोपचुक. नेटी शाळेच्या ऑफिसात होती, चर्चच्या दानपेटीची किल्ली तिच्याकडे असते, आणि क्लब सुरू झाल्यापासून तिने एकही खोटा शब्द लावलेला नव्हता. एकही. नव्या माणसाला आम्ही पहिल्याच दिवशी कॉफीबरोबर हा सल्ला द्यायचो: नेटीवर हरकत घेऊ नकोस, खेळी फुकट जाईल.

खातं असं भरलेलं. आणि काढलेलं काहीच नाही. अशा खातेदाराबद्दल मला नेहमी थोडी धाकधूक वाटत आली आहे.

आता पटाबद्दल सांगतो, कारण भांडण त्याच्यावरून होतं.

तो पट नेटीच्या नवऱ्याने, ऑरेस्टने केला. बर्चचं लाकूड, खाली पेरणी यंत्राच्या चकतीचं बेअरिंग, त्यामुळे बोट लावलं की लोण्यावर फिरल्यासारखा फिरतो. प्रत्येक घराला बारीक कड आहे, सोंगटी सरकत नाही. उजवीकडची शेवटची ओळ मात्र मापात चुकली. तिथे सोंगटी बसवताना अंगठ्याने दाबावी लागते. ऑरेस्टने पट क्लबाला भेट दिला आणि पुढच्याच हिवाळ्यात वारला. ठरलं असं होतं की जो वर्षाचा विजेता, त्याच्या घरी पट वर्षभर राहील. ऑरेस्टच्या मनात बहुतेक असं असावं की नेटीमुळे तो निम्मी वर्षं आपल्याच घरी येईल.

दोन वर्षं झाली, पट वेंडेलच्या घरी होता. आणि दोन वर्षांपूर्वी वार्षिक सभेत वेंडेलनेच ठराव मांडला होता की जो लागोपाठ तीनदा जिंकेल त्याला पट कायमचा मिळावा. आम्ही हात वर केले. ताटातल्या पेरोगी, त्या बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, निवत होत्या.

वेंडेलने पटाचं काय केलं हे आम्हाला गेल्या शरदात कळलं. फुटबॉलच्या सामन्याला त्याने सगळ्या क्लबाला तळघरात बोलावलं होतं. मधल्या टेबलावर ऑरेस्टचा पट. त्यावर मध्यभागी साल्साची वाटी, भोवती चिप्स, चीज, लोणच्याच्या काकड्या. ज्याला जे हवं त्याने पट फिरवून घ्यायचं.

"काय फिरतो ना!" वेंडेल म्हणाला. "बाजारात असली वस्तू मिळायची नाही."

नेटीने पट तिच्याकडे थांबेपर्यंत वाट पाहिली, खिशातला रुमाल काढला आणि शेवटच्या चुकलेल्या ओळीत सांडलेला साल्सा पुसला. मग चिप्स घेतल्या. सामना संपेपर्यंत ती कुणाशी काही बोलली नाही. सामना आम्ही हरलो, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मार्चमध्ये अंतिम डाव वेंडेल आणि नेटी यांच्यातच आला. वेंडेल जिंकला तर पट त्याच्या चिप्ससाठी कायमचा. नेटी जिंकली तर पट घरी. एवढाच हिशोब होता आणि तो सगळ्यांना समजत होता.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. दर आठवड्याला गेल्या वर्षीचा विजेता अक्षरांची एक जोडी ठरवतो. ती जोडी शेजारी शेजारी असलेला पाच अक्षरांचा शब्द जो लावेल, त्याला वीस गुण जादा. मी यादी छापून आठवडाभर आधी वाटतो. घरी पाठ करायची, डावाच्या दिवशी कागद साखरेच्या डब्याखाली. अंतिम डावासाठी वेंडेलने ओ आणि यू निवडले. शंभराच्या वर शब्द निघाले. त्यातले निम्मे आम्ही रोज वापरतो. उरलेले ड्राउक, ग्लाउट, क्लाउर असले. त्यांचा अर्थ काय, उच्चार कसा, कुणाला पत्ता नाही. क्लबाच्या जुन्या लॅपटॉपवर शब्द तपासायची सोय आहे, तो हिरवा होतो किंवा लाल होतो. अर्थ विचारायची सोय त्यात नाही, आणि आजवर कुणी मागितलेली नाही.

यादी वाटली त्या दिवशी डाव संपल्यावर नेटी आणि डॉट स्वयंपाकघरात कप धूत होत्या. मी कॉफीचं भांडं रिकामं करायला दाराशी उभा होतो.

"डॉट," नेटी म्हणाली, "तुला म्हणून सांगते. या वेळी मी वेंडेलला खोटा शब्द लावणार आहे."

डॉटच्या हातातला कप पाण्यात पडला. "तू?"

"मी."

"अगं, तू खोटा शब्द! तुझं तोंड लाल होईल. तुझे कान लाल होतील!"

"होऊ देत. कुणाला सांगू नकोस हं."

"माझ्या तोंडातून? नाव काढू नकोस!"

डॉटला काही सांगणं म्हणजे स्थानिक रेडिओवर देणं, फक्त हवामानाचा अंदाज मधे येत नाही. मला तिने दहा पावलांवर गाठून सांगितलं. वेंडेलला दुसऱ्या दिवशी को-ऑपच्या दुकानात, गोठवलेल्या मटारांपाशी.

शुक्रवारी वेंडेल माझ्या घरी हजर. बूटसुद्धा काढले नाहीत.

"लॉर्न, तू पंच आहेस म्हणून विचारत नाही. तू शहाणा आहेस म्हणून विचारतो."

"मग चुकीच्या घरी आलास. काय झालं?"

"नेटी खोटा शब्द लावणार आहे असं डॉट म्हणते."

"म्हणते तर म्हणते."

"नेटी! जिने कधी उसना पेनही परत करायचा ठेवला नाही, ती! पटतं तुला?"

"मी पंच आहे. मला काही पटत नाही."

तो खुर्चीत बसला, बोटांनी गुडघ्यावर ताल धरला, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक उजेड पडला. हा उजेड मी ओळखतो. गिऱ्हाईक स्वतःलाच फसवायला निघालं की तो पडतो.

"थांब, थांब. डॉटच्या पोटात काही राहत नाही हे नेटीला माहीत आहे ना?"

"हे विनिपेगपर्यंत माहीत आहे."

"मग तिने डॉटला का सांगितलं? मला कळावं म्हणून! मी तिच्या चांगल्या शब्दावर हरकत घ्यावी आणि खेळी घालवावी म्हणून! म्हातारी पक्की आहे, लॉर्न. पण मी चाळीस वर्षं ट्रॅक्टर विकलेत. मी हरकत घेणारच नाही. काय वाटेल ते लावू दे तिला."

"कॉफी घेणार?"

"नको. झोप येत नाही मग." आणि खूश होऊन गेला.

मंगळवारी चर्चच्या तळघरात गर्दी होती. बाहेर उणे वीस, आत कोट काढून सगळे त्या एका टेबलाभोवती. वेंडेलने पट आणला होता. नेटीने पर्समधून व्हिनेगरची बाटली आणि फडकं काढलं, पट पुसला आणि बेअरिंगमध्ये अडकलेला चिप्सचा एक तुकडा पिनेने काढून वेंडेलसमोर ठेवला.

"तुझा आहे," ती म्हणाली.

"तुझी सफाई झाली की खेळू या, नेटी. मला संध्याकाळी पटाची गरज आहे. पाहुणे येणार आहेत."

"काय करणार आहेस?"

"चिकन विंग्ज."

"हं," नेटी म्हणाली आणि पिशवीत हात घातला.

डाव वेंडेलच्या बाजूने चालला. नशीब त्याचंच होतं. कुठल्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या कोऱ्या सोंगट्या दोन्ही त्याला आल्या. नेटी शांतपणे, बँकेत हप्ता भरावा तशी, खरे शब्द लावत राहिली. वेंडेलने तिच्या एकाही शब्दावर बोट ठेवलं नाही. उलट प्रत्येक शब्दाला मान डोलवायचा आणि माझ्याकडे बघून डोळा मारायचा. पिशवी रिकामी झाली तेव्हा तो सत्तावीस गुणांनी पुढे होता आणि दोघांच्या हातात शेवटच्या सोंगट्या होत्या.

नेटीने पट स्वतःकडे फिरवला. उजवीकडच्या त्या अरुंद ओळीत एक 'के' आधीपासून होता. त्याच्या वर तिने चार सोंगट्या एकेक करून अंगठ्याने दाबून बसवल्या. बी, आर, ओ, यू. खाली के.

ब्राउक.

"बावीस," ती म्हणाली, "आणि जोडीचे वीस." आणि घड्याळ दाबलं.

नेटीचे कान लाल झाले नव्हते. डॉटचे झाले होते.

"थांब," वेंडेल म्हणाला. हरकतीचा विचार करायचा असेल तर आमच्याकडे एवढंच म्हणायचं. घड्याळ मात्र विचार करणाऱ्याचं चालत राहतं. वेंडेलच्या घड्याळात चार मिनिटंही उरली नव्हती.

त्याने शब्दाकडे पाहिलं. ओठ हलत होते. यादी मनात चालू होती हे आम्हाला दिसत होतं: ड्राउक, ग्लाउट, क्लाउर... आणि मग पुन्हा ड्राउक. डॉट त्याच्या मागेच उभी होती. तिचा चेहरा इतका बोलत होता की मी तिला कॉफी आणायला पाठवलं. ती गेली नाही.

"ब्राउक," वेंडेल हळूच म्हणाला. "ड्राउक आहे. तर ब्राउक असायला काय हरकत आहे?"

"डावात मोठ्याने बोलायचं नाही," मी म्हणालो.

त्याने नेटीकडे पाहिलं. नेटी आपल्या चष्म्याची काच पुसत होती. वेंडेलच्या चेहऱ्यावर शुक्रवारचा तो उजेड पुन्हा आला.

"मान्य," तो म्हणाला. "छान शब्द आहे, नेटी. मला वाटलं होतं तू मला चिडवून हरकत घ्यायला लावणार. पण मी काल जन्मलो नाही."

"नाही ना," नेटी म्हणाली.

शब्द बसला. आता नेटी पंधरा गुणांनी पुढे. पण वेंडेलची खेळी होती, आणि पट्टीवरच्या सोंगट्यांकडे पाहताना तो हसायला लागला, तेव्हा मला नेटीची काळजी वाटली. त्याच्याकडे एक 'एस' होता. ब्राउकच्या शेपटाला तो एस लावायचा, म्हणजे झालं ब्राउक्स. आणि त्याच एसवरून आडवा दुसरा शब्द. दोन्हींचे गुण त्याला. चौतीस. डाव संपला, पट कायमचा.

त्याने सोंगट्या ठेवल्या. शेवटची दाबून बसवताना त्याने ऑरेस्टच्या चुकलेल्या मापाबद्दल काहीतरी थट्टासुद्धा केली. घड्याळ दाबलं आणि खुर्चीत मागे रेलला.

"बरं खेळलीस," तो म्हणाला. "विंग्ज खायला ये."

"हरकत," नेटी म्हणाली.

हॉलमध्ये कुणीतरी चमचा पाडला.

"कशावर?" वेंडेल म्हणाला. "आडव्या शब्दावर? तो तर शाळेतली पोरंही लिहितात."

"ब्राउक्सवर."

"ब्राउक्सवर?" वेंडेलने माझ्याकडे पाहिलं, नेटीकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं. "अगं बाई, तो तुझा शब्द आहे! तू लावलास! आत्ता! या सगळ्यांसमोर!"

"ब्राउक मी लावला. एस तू लावलास."

"लॉर्न! सांग हिला!"

मी नियम सांगितला. मला सांगायचाच होता. इतकी वर्षं पंच म्हणून बसलोय, असा प्रसंग पुन्हा येणार नव्हता. "ब्राउकवर हरकत घ्यायची वेळ होती तेव्हा तू मान्य म्हणालास. तो बसला. पण या खेळीत जो नवा शब्द झाला तो ब्राउक्स आहे, आणि तो तुझा आहे. तुझ्या शब्दावर नेटी हरकत घेऊ शकते."

"पण मग... पण तिला जर वाटतं ब्राउक्स खोटा आहे..."

तो तिथेच थांबला. बेरीज शेवटच्या आकड्यापर्यंत आली की माणसाचा आवाज असाच बंद होतो.

रीतीप्रमाणे तिघे लॅपटॉपपर्यंत चालत गेलो. दोघांपैकी कुणी टाइप करायचं यावर वाद झाला नाही. वेंडेलने स्वतः टाइप केलं, एका बोटाने, सहा अक्षरं. लाल.

"ब्राउक टाक," मागून कुणीतरी म्हणालं.

"गरज नाही," मी म्हणालो.

वेंडेलने तरीही टाकलं. लाल.

मग जो गोंधळ झाला त्याचा हिशोब मला नीट देता येणार नाही. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी म्हणत होतं नेटीने हे करायला नको होतं, आणि डॉट एकाच वेळी दोन्ही करत होती. आम्ही परत टेबलाशी आलो. वेंडेलने आपल्या सोंगट्या उचलल्या. ब्राउक मात्र जागचा हलला नाही. अरुंद ओळीत घट्ट बसून होता. वेंडेलची खेळी गेली होती. नेटीने उरलेल्या दोन सोंगट्या लावल्या, डाव संपवला, आणि वेंडेलच्या हातात राहिलेल्या अक्षरांचे दुप्पट गुण तिच्या नावावर चढवून मी आकडे मोठ्याने वाचले. वाचायची गरज नव्हती.

"खोटारडेपणा आहे हा," वेंडेल म्हणाला. रागापेक्षा त्याला आश्चर्यच जास्त वाटत होतं. "सगळ्या जगात एक माणूस असा होता ज्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास टाकला!"

"तू माझ्यावर विश्वास टाकलास?" नेटीने विचारलं.

"टाकलाच ना! म्हणून तर हरकत घेतली नाही!"

"नाही, वेंडेल." नेटी सोंगट्या पिशवीत भरत होती, एकेक. "मी काय म्हणाले होते ते तुला डॉटने सांगितलं होतं. शब्द न् शब्द सांगितलं असणार, ती काही गाळत नाही."

"बरोबर!" डॉट म्हणाली. "मटारांपाशी सांगितलं! मी म्हटलं, वेंडेल, नेटी खोटा शब्द लावणार आहे, आणि तू म्हणालास, बरं झालं सांगितलंस!"

"मी खरं तेच सांगितलं होतं," नेटी म्हणाली. "आठवडाभर आधी. मी खोटं बोलले असं म्हणणारा माझ्यासमोर येऊ दे."

कुणी आलं नाही. वेंडेल काही तरी म्हणणार होता, पण शब्द सापडेना. आणि सापडला असता तरी त्या दिवशी तो तपासून घेतल्याशिवाय बोलला नसता.

त्यानेच पट तिच्या गाडीपर्यंत नेला. बर्फावरून जपून, दोन्ही हातांत, पाहुण्यांना काय सांगायचं याचा विचार करत. मी दार धरून उभा होतो. नेटीने मागच्या सीटवर जुनं ब्लँकेट अंथरलं होतं. म्हणजे ते ती घरून घेऊन निघाली होती.

"नेटी," वेंडेल म्हणाला, "एक विचारू? ऑरेस्टनेच शिकवलं ना तुला हे?"

"ऑरेस्ट!" नेटी पहिल्यांदाच हसली. "ऑरेस्टला एकही खोटा शब्द पचायचा नाही. चेहऱ्यावर सगळं उमटायचं. मी दर वेळी हरकत घ्यायचे आणि तो दर वेळी सोंगट्या उचलायचा." तिने पटावर ब्लँकेटचं दुसरं टोक ओढलं, कडेने नीट खोचलं. "तरी दर मंगळवारी एक लावायचाच. तुला हरकतीसाठी खुर्चीतून उठवायला आवडतं मला, म्हणायचा."

वेंडेलने गाडीचं दार लावलं. हळूच लावलं, हे मी पाहिलं.

पुढच्या मंगळवारी नेटी नेहमीच्या वेळेला आली, नेहमीच्या खुर्चीत बसली, आणि मी सगळ्यांची खाती नव्याने मांडायला घेतली. पहिल्याच डावात डॉटने तिच्या तीन शब्दांवर हरकत घेतली. वेंडेलने पाचांवर. कुणीही, कशावरही, तिने 'मिल्क' लावलं असतं तरी कुणीतरी लॅपटॉपकडे धावलं असतं. प्रत्येक वेळी पडदा हिरवा होत होता आणि हरकत घेणारा आपली खेळी घालवून परत येऊन बसत होता.

"अजून कुणाला शंका?" नेटी विचारायची, आणि पट पुढच्याकडे फिरवायची.